टार्नीत पडलेला पाऊस

बेलविक, कॅन्सस
सोमवार, ६ जून १९४९

प्रिय ड्यूई,

तुझा गुडघा कसा आहे ते शेवटी विचारीन. आधी मला भांडायचंय. तुझ्या त्या टार्नीच्या रिगर्सनी आमच्या मिलर्सना बेसबॉलमध्ये तीन दिवस ओळीनं बदडलं, आणि तू ग्रँडस्टँडमध्ये शेंगदाणे खात टाळ्या वाजवल्यास ना? खोटं बोलू नकोस, वाजवल्याच असशील. बेलविकमध्ये जन्मलास, मिलर्सची टोपी घालून वाढलास, आणि तेलविहिरीवर नोकरी काय लागली, लगेच दुसऱ्या गावाचा झालास! आपली आई असती तर तुला जेवायला वाढलं नसतं.

तिन्ही मॅचेस मी रेडिओवर ऐकल्या. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि स्कोअरची वही समोर. एक चेंडू सुटला नाही. या संघाचे कपडे गेली नऊ वर्षं मी धुतेय, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क क्लबच्या मालकाइतकाच मला आहे. तर माझं मत ऐक. आपला पिचर हॉइट व्हँडिव्हर चार इनिंग झकास चेंडू टाकतो आणि पाचवीत त्याला आठवतं की आपण देखणे आहोत. पहिल्या बेसवरचा ग्रोव्हर प्लँक धावतोय की उभा राहून विचार करतोय, हे शेजारच्यालाही कळत नाही. पण या दोघांचं मी मनावर घेत नाही, कारण ते घरी जसे आहेत तसेच बाहेर आहेत. माझं डोकं फिरवलंय ते टॅकेटनं.

लायल टॅकेट म्हणजे आमचा नवा शॉर्टस्टॉप, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो तो. एप्रिलपासून बायकोला घेऊन माझ्याच मागच्या खोलीत भाड्यानं राहतोय. इथं आमच्या मैदानावर मी त्याला रोज डोळ्यांनी बघते. चेंडू सुटला की हा तिथं हजर. असा शॉर्टस्टॉप बेलविकनं वीस वर्षांत पाहिलेला नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. आणि टार्नीत त्यानं काय केलं? सोपा, सरपटत आलेला चेंडू दोन पायांमधून जाऊ दिला. वर हसला! मॅच सांगणारा बड फॅरिस रेडिओवर म्हणाला, "टॅकेट हसतोय, मंडळी. कशाला ते त्याचं त्यालाच ठाऊक." माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की एका शर्टाची कॉलर जळली.

त्याची बायको नेडीन माझ्या शेजारी बसून मटार सोलत होती. गुणी पोर आहे.

ड्यूई, घरी सोनं आणि बाहेर माती, असं का व्हावं? तू तिथं होतास. खरं सांग, हसला ना?

तुझी,
बर्टी

ता. क. गुडघा?


टार्नी, ओक्लाहोमा
शुक्रवार, १० जून १९४९

प्रिय बर्टी,

गुडघा तुझ्या ग्रोव्हर प्लँकपेक्षा जोरात पळतो. आणि हो, टाळ्या वाजवल्या. मध्ये एकदा शिट्टीही मारली.

टॅकेटचं म्हणशील तर शनिवारी त्याची एक चूक झाली. पण चेंडू पायांमधून कुठला जायला! खड्यावर आपटून असा उसळला की सरळ त्याच्या छातीवर. आमचं मैदान आहेच तसलं. लाल माती, वर खडे, आणि मालकाला रोलर फिरवायचा कंटाळा. बाकी त्यानं दोनदा पोटावर झेप घेऊन आमचे दोन हिट खाल्ले, तेव्हा मी शिव्या घातल्या. हसला म्हणतेस? मी तिसऱ्या बेसच्या बाजूला, अगदी कठड्याला टेकून बसतो. हसला असेल तर मला दिसलं नाही.

उगाच पोराच्या मागे लागू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तुझा नवरा वॉल्टर बिचारा जिवंत असताना तू पोस्टमनवरसुद्धा संशय घ्यायचीस, की तो तुझी मासिकं आधी वाचतो.

ड्यूई


बेलविक
सोमवार, २७ जून १९४९

प्रिय ड्यूई,

पोस्टमन वाचतच होता. पानांना लोण्याचे डाग असायचे.

आणि "मला दिसलं नाही" म्हणजे काय रे? माणूस हसला की नाही हसला, यातलं एकच काहीतरी होतं. तू सरळ "नाही" म्हणाला नाहीस, तिथंच मी ओळखलं की कुठंतरी पाणी मुरतंय. मी त्याच दिवशी बड फॅरिसला पत्र टाकलं. लिहिलं, "तुम्ही या माणसाला बरोबर हेरलंत. त्याच्यावर नजर ठेवा, बेलविकवर उपकार होतील." आणि बडनं ठेवली!

परवा शनिवारी तुमच्याकडे पाऊस आला तेव्हाचंच बघ. वीस मिनिटं खेळ थांबला. आमचे सगळे खेळाडू बाकावर ओले होऊन बसलेले, आणि टॅकेट पलीकडे जाऊन रिगर्सच्या पोरांच्या खांद्यावर हात टाकून गप्पा मारतोय. बडनं स्पष्ट सांगितलं. मग रविवारी पिचर बदलत होते, तेव्हा यानं स्टँडमधल्या पिवळ्या फ्रॉकातल्या मुलीकडे बघून टोपी उचलली. एकदा नाही, दोनदा. नेडीन माझ्याकडेच बसली होती. तिच्या हातातली सुई तशीच राहिली. नंतर म्हणाली, "मिसेस स्ट्राउड, मी जरा पडते." जेवलीही नाही.

आता सगळ्यात मोठी गोष्ट ऐक. आज सकाळी संघाच्या कपड्यांचं गाठोडं आलं. टॅकेटचा शर्ट छातीपासून पोटापर्यंत तुमच्या लाल मातीनं नुसता माखलेला. दोन पाण्यांतून काढला तरी रंग जाईना. बडनं सांगितलं, हा दोन्ही दिवस जागचा हललेला नाही, मग माती आली कुठून? मी सांगते कुठून. स्वतःच्या हातानं फासलीय त्यानं, इथं आल्यावर आपल्याला दाखवायला की बघा मी किती मेहनत केली. मी नऊ वर्षं कपडे धुतेय, मला कोण फसवणार?

ड्यूई, या माणसाला कुणीतरी विकत घेतलंय. घरच्या मॅचेसना लोक बघतात म्हणून तो चांगला खेळतो. बाहेर कोण आहे बघायला? एकटा बड.

बर्टी


टार्नी
शुक्रवार, १ जुलै १९४९

प्रिय बर्टी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. नंतर अंगणात जाऊन आभाळाकडे बघितलं.

बाई, इथं तीन आठवड्यांत पाण्याचा थेंब पडलेला नाही. माझे टोमॅटो वाळून गेले. शनिवारी असं ऊन होतं की बाकावर बसवत नव्हतं, म्हणून मी टोपी बुडाखाली घेतली होती. खेळ एक मिनिट थांबला नाही. कसला पाऊस आणि कसल्या गप्पा? आणि रविवारी पिवळा फ्रॉक माझ्या आसपास तरी नव्हता. असता तर या वयातही माझ्या लक्षात आला असता.

तू म्हणालीस सरळ सांग, तर सरळ सांगतो. टॅकेट हसला नाही. त्याच्या शर्टाला माती लागली कारण तो दिवसभर मातीत लोळून आमचे चेंडू अडवत होता. बर्टी, शर्ट तुझ्या हातात होता! हातातला शर्ट खोटा आणि भिंतीवरचा डबा खरा?

ड्यूई


बेलविक
मंगळवार, ५ जुलै १९४९

ड्यूई,

भिंतीवरचा नाही, टेबलावरचा आहे. आणि पावसाचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. पत्र्यावर पडतो तसा. लोकांची पळापळ ऐकली. चौदा वर्षं रेडिओवर बेसबॉल ऐकतेय, मला तू पाऊस शिकवू नकोस.

आता मीच तुला विचारते. कठड्याला लागून बसतोस म्हणालास. ती जागा तुला कोण देतं? तेलकंपनीतून रिटायर झालेला माणूस प्रत्येक मॅचला पुढच्या रांगेत कसा? रिगर्सचा मॅनेजर तुझा दोस्त आहे, हे तूच ख्रिसमसला बोलून गेला होतास. विसरलास, मी नाही विसरले.

रविवारी सकाळी नाश्त्याला मी टॅकेटला तोंडावर विचारलं. नेडीन समोर बसली होती. त्याला म्हटलं, "टार्नीत हसलास की नाही?" म्हणाला, "नाही, बाई." "पावसात कुणाशी गप्पा मारत होतास?" म्हणाला, "पाऊस नव्हता, बाई." बघ! तू म्हणतोस तेच, शब्दन् शब्द. दोन माणसं दोनशे मैलांवरून एकच खोटं बोलतात, म्हणजे ते आधी ठरलेलं असतं. मग नेडीननं हळूच पिवळ्या फ्रॉकाचं विचारलं. त्यावर तो काय म्हणाला असेल? म्हणे, "बड फॅरिस टार्नीला आलेलाच नव्हता. तो कधीच येत नाही." अरे देवा! अख्खं बेलविक त्याचा आवाज ऐकतं, बॅटला चेंडू लागल्याचा ठक्क आवाज ऐकतं, आणि हा निर्लज्ज म्हणतो, माणूस तिथं नव्हताच! नेडीन उठून खोलीत गेली. तो दाराबाहेर उभा राहून दहा मिनिटं तिला हाका मारत होता. तिनं दार उघडलं नाही, आणि मी म्हटलं, बरं केलंस पोरी.

मी अर्ज लिहिलाय, क्लबचे मालक मिस्टर क्रेन यांच्या नावे. "लायल टॅकेट यास संघातून काढावे, अन्यथा आम्ही खाली सह्या करणारे तिकीट काढणार नाही." पहिली सही माझी. दुसरी खाटीक ओटो वीबेची. रविवारी चर्चबाहेर चाळीस झाल्या, अजून होतायत.

खरं बोलायचं असेल तर लिही. नाहीतर लिहू नकोस.

अल्बर्टा स्ट्राउड


टार्नी
मंगळवार, १९ जुलै १९४९

बर्टी,

तू लिहू नकोस म्हणालीस, मी नाही लिहिलं. सख्ख्या बहिणीनं विकला गेलास म्हटल्यावर माणसाला राग येतो. पुढच्या रांगेतली जागा मला मिळते कारण मी दीड तास आधी जाऊन बसतो. घरी दुसरं कोण आहे माझं?

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट डोक्यातून जाईना. "बड तिथं नव्हताच." खोटं बोलणारा माणूस इतकं वेड्यासारखं खोटं का बोलेल? मागच्या आठवड्यात तुमचे मिलर्स परत इथं आले. मी ठरवलं, आज त्या बडची कॉलर धरायची आणि विचारायचं, माझ्या बहिणीच्या डोक्यात हे काय भरतोस. तिसऱ्या इनिंगला गुडघा धरत वर गेलो. छपरावर लाकडी खोली आहे, पत्रकार बसतात ती.

बर्टी, तिथं बड नव्हता. माइक नव्हता. आमच्या पेपरचा एक माणूस जांभया देत बसला होता, आणि कोपऱ्यात तारवाला म्हातारा एस्को. मी विचारलं, "बेलविकचा रेडिओवाला कुठं बसतो?" एस्को म्हणाला, "बेलविकमध्ये." मला वाटलं थट्टा करतोय. त्यानं मला शेजारी बसवलं आणि दाखवलं. खाली एक खेळी झाली की तो दोन-चार शब्द तारेनं पाठवतो. तिकडे तुझा बड स्टुडिओत बसून त्याची गोष्ट करतो. सगळे छोटे संघ असंच करतात म्हणे.

एस्को पाठवलेल्या प्रत्येक तारेची नक्कल ठेवतो. मी जूनची काढायला लावली आणि स्वतःच्या हातानं उतरवून घेतली. टॅकेट "हसला" तिथं असं आहे: "बॉल. स्ट्राइक. जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे. चूक. धावक पहिल्या बेसवर." बस, संपलं. हसण्याचा शब्द नाही, पायांचा नाही. पावसाच्या शनिवारी सहाव्या इनिंगनंतर काहीच नाही. एस्कोनं बाजूला टिपून ठेवलंय, "ट्रक खांबाला धडकला, तार वीस मिनिटं बंद." रविवारी पिचर बदलला तेव्हाचे शब्द, "नवा पिचर." मुलगी नाही, फ्रॉक नाही, टोपी नाही.

सगळे कागद सोबत पाठवतोय. खाली माझी सही केलीय. तो अर्ज दिला नसशील तर फाडून टाक.

ड्यूई


बेलविक
शुक्रवार, २२ जुलै १९४९

ड्यूई,

अर्ज चौदा तारखेला दिला. एकशे बारा सह्या होत्या. टॅकेटला शनिवारी काढलं.

नेडीन त्याच्या आधीच, गुरुवारी आईकडे गेली. तो खोली सोडताना किल्ली टेबलावर ठेवून "थँक यू, बाई" म्हणाला. मी मान फिरवून कपडे वाळत घालत राहिले.

तुझे कागद आत्ता दुपारी आले. दोनदा वाचले. पण मी अजून मानलेलं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही. उद्या संघ बाहेरगावी खेळतोय. उद्या जाते.

बर्टी


बेलविक
मंगळवार, २६ जुलै १९४९

प्रिय ड्यूई,

बघितलं.

स्टेशन बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर आहे. मधे काच आहे, काचेबाहेर खुर्ची. मी जाऊन बसले. आत बड, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. एक माणूस तार उतरवून कागदाचे चिटोरे पुढे सरकवतोय. बड एक चिटोरा बघतो, पेन्सिल उचलतो आणि सिगारच्या रिकाम्या खोक्यावर मारतो. ठक्क! ड्यूई, माझी सगळी वर्षं त्या खोक्यात गेली रे. मग म्हणतो, "प्लँक धावतोय, मंडळी, दात-ओठ खाऊन धावतोय!" ग्रोव्हर प्लँक! मी काचेबाहेर बसून हसले आणि मग मला रडू आलं.

मधे त्यानं गाणं लावलं तेव्हा आत गेले. मी विचारलं, "तुम्ही तिथं नसता?"

तो म्हणाला, "मिसेस स्ट्राउड, मॅच सुरू व्हायच्या आधी मी रोज सांगतो, तारेनं आलेल्या बातमीवरून म्हणून. रोज."

रोज सांगतो. त्या वेळी मी पेन्सिलला टोक काढत असते.

"आणि पाऊस?"

"तार बंद पडली तर मी काय करू? गाणी लावली की लोक दुसरं स्टेशन लावतात. पाऊस पाडला की थांबतात. थाळीत वाटाणे ओतले की झाला पाऊस."

"आणि ती पिवळ्या फ्रॉकवाली?"

"बाई, पिचर बदलायला सहा मिनिटं लागली. माइकसमोर सहा मिनिटं म्हणजे काय, ते इथं बसल्याशिवाय कळायचं नाही."

"पण टॅकेटच का? त्यानं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

यावर त्यानं खण उघडला आणि पत्रांचा गठ्ठा काढला. सगळ्यात वर माझं पत्र. तो म्हणाला, "मी एकदाच म्हणालो होतो हसला म्हणून, सहज, तोंडाला आलं म्हणून. पुढच्या आठवड्यात तुमचं पत्र. मग आणखी दहा. स्टेशनचा मालक म्हणाला, लोकांना टॅकेट हवाय, टॅकेट दे. तुम्हीच लिहिलंत ना, त्याच्यावर नजर ठेवा?"

तशीच उठले आणि मिस्टर क्रेनकडे गेले. म्हटलं, अर्ज परत घेते, त्याला परत बोलवा. त्यांना सगळं माहीत होतं, ड्यूई! म्हणाले, "रेडिओवाला कुठं बसतो ते मला ठाऊक आहेच की. पण एकशे बारा माणसं तिकीट काढणार नाही म्हणाली, तेव्हा मी खरं-खोटं बघू की मैदान रिकामं बघू?" नवा शॉर्टस्टॉप सोमवारी आला.

मग मी सह्या करणाऱ्यांच्या दारोदार फिरले. ओटो वीबेनं कागद वाचून परत दिले. म्हणाला, "तारेत नसेल लिहिलं. म्हणून काय तो हसला नाही असं ठरतं? आणि हे अक्षर कुणाचं आहे?" मी म्हटलं, माझ्या भावाचं. तो म्हणाला, "टार्नीत असतो तो ना?" आणि सुरीला धार लावायला लागला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं, की बर्टीला तिच्या भावानं फिरवली. कुणी म्हणालं, काहीतरी मिळालं असेल तिला. माझ्या डोक्यात जे जे येऊन गेलं होतं, ते सगळं लोकांनी मला परत ऐकवलं. एक शब्द कमी नाही.

बर्टी


टार्नी
गुरुवार, ४ ऑगस्ट १९४९

प्रिय बर्टी,

जेवतेस ना नीट? तू न भांडता लिहिलेलं पत्र वाचायची मला सवय नाही.

आमच्या शॉर्टस्टॉपचं बोट मोडलंय. मी मॅनेजरकडे जाऊन बसलो आणि टॅकेटचं नाव इतक्यांदा घेतलं की त्यानं कंटाळून तार केली. सोमवारपासून तो इथं खेळतोय. चांगला खेळतो, पण पूर्वीसारखा नाही. झेप घ्यायच्या आधी क्षणभर थांबतो. आणि प्रत्येक खेळीनंतर स्टँडकडे बघतो, आपल्याला कोण बघतंय ते तपासावं तसं. मी तुझा भाऊ आहे, हे मी त्याला सांगितलेलं नाही. भित्रा म्हण हवं तर.

वीस तारखेला आम्ही बेलविकला येतोय. म्हणजे संघ. माझा गुडघा इतका वेळ बसमध्ये दुमडून राहत नाही.

ड्यूई


बेलविक
सोमवार, २२ ऑगस्ट १९४९

प्रिय ड्यूई,

शनिवारी मैदान खचाखच भरलं होतं. तिकीट काढणार नाही म्हणणारे सगळे तिकीट काढून आले होते, त्याला शिव्या घालायला. टॅकेट बाहेर आला तशी ओरड सुरू झाली. "विकलेला! विकलेला!" हा शब्द या गावाला मी शिकवला. तिसऱ्या इनिंगला त्यानं एक चेंडू असा अडवला, ड्यूई, पोटावर घसरत जाऊन, गुडघ्यावर बसून फेक केली, की एरवी लोक उभे राहिले असते. ओरड तेवढी वाढली. मी उभी राहिले. घसा फाटेपर्यंत ओरडले, "तो विकलेला नाही! मी चुकले!" मागून कुणीतरी म्हणालं, "बर्टी, खाली बस. किती मिळाले?" आणि सगळे हसले.

मॅच संपल्यावर मी रिगर्सच्या बसपाशी जाऊन उभी राहिले. तो आला. मला बघून टोपी काढली, आईनं नीट वळण लावलंय. मी तुझे कागद पुढे केले. म्हटलं, "वाच. यात सगळं आहे. तू हसला नाहीस. पाऊस नव्हता. मुलगी नव्हती."

त्यानं कागद घेतले, वरचा वाचला, घडी घातली आणि मला परत दिले. म्हणाला, "मिसेस स्ट्राउड, हे मला कशाला दाखवता? मी तिथं होतो."

रागानं नाही म्हणाला. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मग बसच्या पायरीवर पाय ठेवून जरा थांबला आणि म्हणाला, "दाखवायचे तर नेडीनला दाखवा. माझी पत्रं ती फोडत नाही." तिच्या आईच्या गावाचं नाव सांगितलं, आणि बस गेली.

काल सकाळी चर्चला न जाता मी नेडीनकडे गेले. दोन बस बदलल्या. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. वाळलीय. मी सगळं सांगितलं. बडचं खोकं, वाटाणे, माझं पत्र. काही लपवलं नाही. म्हटलं, "पोरी, चूक माझी आहे. तू माझ्या शेजारी बसून ऐकलंस आणि माझं तोंड बघून खरं मानलंस." तिनं कागद हातात घेतले. प्रत्येक कागद वाचला. पिवळ्या फ्रॉकाचा रविवार दोनदा वाचला. ड्यूई, मला वाटलं झालं, सुटले. मग तिनं खालची सही बघितली.

म्हणाली, "हे तुमच्या भावानं लिहिलंय?"

मी म्हटलं, "हो. तारेवरून उतरवलंय."

"त्यांनी उतरवलंय. तुम्ही आणलंय. तेव्हा तुम्ही म्हणत होता तो खोटा आहे, मी मानलं. आता म्हणता खरा आहे. मिसेस स्ट्राउड, मी कुणाचं आणि किती वेळा मानायचं?" आणि दार लावलं. हळूच लावलं, आपटलं नाही.

मी पायरीवर बसून राहिले. तिचं काही चुकलं असं मला म्हणता येईना. त्या पोरीचा विश्वास मी उडवला, आणि तो परत बसवायला माझ्याकडे माझं तोंड आणि कागद सोडून काही नाही. दोन्हींची किंमत मीच घालवलीय.

ड्यूई, मी तुला खोटारडा म्हटलं. विकला गेलास म्हटलं. सख्ख्या भावाला. माझं चुकलं, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय, तेव्हा पत्र जपून ठेव. आता ऐक. तिला कागद नकोत, माणूस हवाय. जो तिथं होता आणि ज्यानं डोळ्यांनी बघितलं, असा माणूस. असा एकच मला माहीत आहे. एस्कोकडून मूळ तारा मिळाल्या तर आण, नाही दिल्या तर तसाच ये. तिच्यासमोर बस आणि तू जे बघितलंस ते सांग, ऊन किती होतं इथपासून. ती विचारेल ते सगळं सांग. मी बाहेर थांबेन, आत येणार नाही, नाहीतर तिला वाटेल मी पढवलंय.

गुडघ्याचं मला माहीत आहे. मधल्या स्टँडवर उतरून पाय मोकळा कर. गुरुवारी टार्नीहून बस सकाळी सव्वासहाला सुटते, मी चौकशी केलीय. मी इथल्या स्टँडवर उभी असेन.

तुझी,
बर्टी